माझ्या टेकडीवर चराईबंदी

१२ ऑगस्ट, सकाळ.
घरामागची टेकडी माझ्या नावावर आहे. आजपासून तिच्यावर चराईबंदी. निर्णय भावनेच्या भरात नाही. गवत हवेतला कार्बन घेते, मुळांवाटे मातीत उतरवते, आणि वरून कोणी लुडबुड केली नाही तर तो तिथेच राहतो. रेडिओवर ऐकले. आमच्या वेळी बी.एस्सी.ला हे नव्हते, पण एकदा ऐकून समजले. निवृत्त शिक्षिकेने हिंगणीत नुसते बसून राहू नये.

१२ ऑगस्ट, दुपार.
धुरपताला सांगितले. तिच्या बकऱ्या किती वर्षे इथेच चरतात, आणि दुपारी ती माझ्या ओसरीवर चहाला बसून गावभरच्या सुनांचा हिशेब मांडते. बंदी ऐकून म्हणाली, मग माझ्या बकऱ्यांनी हवा खायची का? मी नाल्याकाठ सुचवला. जाताना म्हणाली, "टेकडी तुमची हाय बाई. मंग मी काऊन येत नाई म्हनून इचारू नका."
मी विचारत नसते.

२० ऑगस्ट.
दुपार अगदी शांत. हेच हवे होते. पेपर दोनदा वाचून झाला. निविदाही वाचल्या.

५ सप्टेंबर.
शिक्षक दिन. जुने विद्यार्थी येतील म्हणून पोहे जास्त भिजवले. कोणी आले नाही. कामाचा दिवस, बरोबर आहे. पोहे रात्रीही चांगले लागतात.

७ ऑक्टोबर.
गवत कमरेएवढे. पाहणीला गेले तर कुसळांनी साडी भरली. काढता काढता संध्याकाळ झाली. वेळ चांगला गेला, म्हणजे वाया गेला.
संकल्प: गावात कार्बन गट स्थापन करणे. अध्यक्ष मी.

१३ ऑक्टोबर.
गटाची सभा. सतरंजी टाकली. शेजारचे नत्थूजी तेवढे आले. त्यांनी अनुदान किती, एवढेच विचारले. नाही म्हटल्यावर पाणी पिऊन गेले. सुरुवात लहानच असावी.

१८ नोव्हेंबर.
माती तपासायला वर्ध्याहून मोहिनी नावाची मुलगी आली. कृषिशास्त्र शिकलेली. केस मोकळे, पण काम नीट. वीतभर खणले की दगड लागतो. म्हणाली, फरक दिसायला आठदहा वर्षे जातील. मला घाई नाही, असे सांगितले. मला एकाहत्तरावे चालू आहे.
पुढे म्हणाली, इथे चराई अगदी बंद करू नये. जुने गवत वाळून तसेच उभे राहते आणि खालच्या फुटव्याला ऊन मिळत नाही. थोडी जनावरे अधूनमधून फिरलेली बरी. पूर्वी इथे कोण यायचे, असे तिने विचारले. कोणीतरी यायचे, म्हटले.
जेवून जा म्हटले होते. तिला बस गाठायची होती.

१९ नोव्हेंबर.
शास्त्रीय कारणासाठी धुरपताकडे गेले. बोलवायला नव्हे, कळवायला. बंदीच्या अटी शिथिल झाल्या आहेत, असे सांगितले. ती तांदूळ निवडत होती. नाल्याकाठी प्रमिलाबाईंचे शेत आहे, हल्ली दुपारी तिथेच असते म्हणे. तुला तिथला चहा चालतो का, असे सहज विचारले.
"पांचट हाय," ती म्हणाली. "पन ते बसा म्हन्ते."
मी कधी बस म्हटले नसेल. तिला जागा ठाऊक होती, म्हणायचे कशाला?

२७ नोव्हेंबर.
धुरपता आली नाही. मी वाट पाहत नव्हते. फाटकाची कडी वाजते की नाही हे तपासायला तीनदा उठले. वाजते.

१ डिसेंबर.
स्वावलंबन. नत्थूजींकडून बकरी विकत घेतली. नियंत्रित चराई आता माझ्या देखरेखीखाली. कोणाची गरज नाही.

२ डिसेंबर.
बकरी चरत नाही. कमरेएवढ्या गवतात उभी राहून ओरडते. नत्थूजी म्हणाले, "एकटी बकरी चरत नाई बाई. तिले सोबत लागते." शिस्तीचा अभाव, दुसरे काय. मी तिच्याजवळ दगडावर जाऊन बसले. मग खाऊ लागली. मी उठले की थांबते.
संध्याकाळपर्यंत बसले. तिला कार्बनचे चक्र समजावले. नववी ब पेक्षा लक्ष बरे होते.

४ डिसेंबर, दुपार.
खालच्या पांदणीच्या वाटेने धुरपताचा कळप नाल्याकडे चालला होता. माझ्या बकरीने कान टवकारले, दोर तोडला आणि कुसळांतून सरळ खाली धावली. मी हाक मारली. तिने मागे पाहिले नाही.
खालून धुरपता ओरडली, "बाई, तुमची आली इकडं. पाठवू का राहू देऊ?"
राहू दे, म्हटले. आवाज खालपर्यंत गेला नसावा, म्हणून पुन्हा म्हटले.
टेकडीवर आता कोणी नाही. कार्बन निर्धास्त असेल.
उद्या दुपारी नाल्यावर जावे लागेल. बकरी माझ्या मालकीची आहे. तिची चौकशी करणे भाग आहे. बहुधा रोजच.