कोयसा नाही, कोयसा

बाबा, आज दवाखान्यात मी एका माणसाचं मनगट इतकं आवळलं की माझी नखं त्याच्या कातडीत रुतली. लेकीला बोलायला शिकवा म्हणून तो तिला माझ्याकडे घेऊन आला होता. ती 'काका'ला 'ताता' म्हणाली, तशी त्याने माझ्यासमोर तिच्या थोबाडीत दिली. दुसरी द्यायला हात उचलला, तो मी धरला. तेव्हापासून तुम्ही डोळ्यांसमोरून हलत नाही.

खापरखेड्याच्या कॉलनीतलं आपलं स्वयंपाकघर. तुम्ही कामाच्या पाळीवरून आलात, तोंडावरची काळी भुकटीही धुतली नव्हती. त्या दिवशी नव्या साहेबाने सगळ्यांसमोर तुम्हाला विचारलं होतं, "कोयसा? हा कोणता पक्षी?" माणसं पोट धरून हसली होती. हे मला आईने फार पुढे सांगितलं. तेव्हा एवढंच कळलं की तुम्ही वेणी धरून मला ओढता आहात. "तुले कोनी हसलं नाही पायजे. म्हन, कोयसा." मी म्हणते, "कोयसा." थोबाडीत बसते. "कोयसा नाही वं, कोयसा!" मी पुन्हा जे ऐकलं तेच म्हणते. पुन्हा बसते. "तुमीच तं कोयसा म्हनून राहिले!" आई मध्ये पडली, तिला तुम्ही ढकललं, तिचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. पुढची माझ्या डाव्या कानावर बसली आणि आत काहीतरी फाटलं. गळ्यावर गरम रक्त आलं. आई तव्यातलं तापलेलं उलथनं घेऊन उभी राहिली, "आता लावून पाहा हात." मग तुम्ही स्वतःचंच तोंड बडवत सुटलात. "काहून येत नाही इले? काहून?"

याचं उत्तर मला कॉलेजच्या वर्गात मिळालं, तुम्ही गेल्यानंतर. तान्ह्या बाळाला जगातल्या कुठल्याही भाषेतले आवाज वेगवेगळे ऐकू येतात. वर्षाचं होता होता त्याचा मेंदू घरातले आवाज पक्के धरतो, आणि घरात नसलेला आवाज आला की त्याला जवळच्या ओळखीच्या आवाजात ढकलतो. आपल्या घरात 'ळ' नव्हता. साहेबाचा 'कोळसा' तुमच्या कानात शिरताच 'कोयसा' होत होता. तुम्ही जिवाच्या आकांताने बरोबर म्हणत होतात आणि तुमच्या तोंडून तेच निघत होतं. मी वर्गातून उठले आणि बाहेरच्या भिंतीवर मुठी आपटल्या, सालटं निघेपर्यंत. तुम्ही जिवंत असतात तर त्या कोणावर पडल्या असत्या, तुम्हाला ठाऊक आहे.

आज त्या माणसाला मी खुर्चीत बसवलं, कानाला हेडफोन लावला आणि एका परक्या भाषेतले दोन आवाज ऐकवले. "फरक सांगा."

"दोनी तं एकच हाय, मॅडम."

"नाहीत. पुन्हा ऐका."

मी लावत राहिले. त्याच्या कपाळावर घाम आला. "आईशप्पथ, मले एकच ऐकू येऊन राहिलं."

"मग मारू तुम्हाला?" मी विचारलं आणि बघते तर माझा हात खरोखरच वर गेलेला. ती चिमुरडी खुर्चीवरून उतरून त्याच्यापुढे उभी राहिली, दोन्ही हात पसरून. गालावर त्याची बोटं उमटलेली होती, तरी. मी हात खाली घेतला. त्याने तिच्याकडे बघतच हेडफोन काढला आणि मान खाली घालून म्हणाला, "तिले बी असंच होते का?" "कारण वेगळं आहे, पण जीव तोडूनही जमत नाही, ते असंच," मी म्हटलं. पुढच्या सोमवारी तिला घेऊन येतो म्हणाला.

हे पत्र आईला वाचून दाखवायचं ठरवलं होतं, पण आता नाही दाखवणार. "अजून राग हाय का वं त्याइचा?" असं ती विचारेल. तुम्हाला ऐकूच येत नव्हतं हे मला पुरतं समजलंय, बाबा. तरी मला हो म्हणावं लागेल.