दुभाष्याशिवाय

प्रिय ठमाबाई,

आर्थिक मदतीसाठी केलेला अर्ज तू परस्पर मागे घेतलास, हे मला काल त्या कॉलेजच्या आपल्या गावातल्या कार्यालयातून आलेल्या फोनवरून कळलं. म्हणून हे लिहिते आहे. तू शाळेच्या शिबिरातून परत येशील तेव्हा मी कामावर असेन. पत्र तुझ्या उशीवर ठेवते.

फोन मी उचलला याचंच तुला आधी आश्चर्य वाटेल. या देशात आल्यापासून फोन, दारावरचा माणूस, विजेचं बिल, बाबांचे डॉक्टर, सगळं तुझ्याकडे. पण बाबांना गोळीने झोप लागली होती आणि तो मेला वाजायचा थांबेना. पलीकडच्या बाई सावकाश बोलल्या. घरी गरज आहे म्हणून मुलगी येत नाही असं तिने कळवलंय, हे बरोबर का, असं विचारत होत्या. मला निम्मंच समजलं, पण तेवढं पुरलं. मी फक्त 'थांबा, मी येते' एवढं म्हटलं आणि ठेवला.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. हे लिहितानाही दोनदा उठून गॅस बंद आहे का ते पाहून आले.

मागच्या आठवड्यात त्याच बाईंसमोर आपण दोघी बसलो होतो, आठवतं? त्यांनी काहीतरी विचारलं. तू मला म्हणालीस, बाबांची तब्येत विचारतायत. मी म्हटलं, बरी आहे. आणि तू त्यांना ते सांगायला लागलीस ती थांबेचनास. माझ्या दोन शब्दांचं एवढं लांब भाषांतर होत नाही हे कळायला पदवी लागत नाही, आणि ती तर माझ्याकडे आहे. तरी वाटलं, पोरगी चार चांगले शब्द पदरचे घालतेय. आता कळतंय, त्या विचारत होत्या की ही गेल्यावर घरी बघणार कोण.

वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या काकू जिन्यात भेटल्या. त्यांना सांगितलं तर म्हणतात, गुणाची गं बाई लेक तुझी, राहू दे इथेच, नाहीतर आमचे कागद कोण वाचणार? म्हटलं, तुम्ही शिका की वाचायला. त्या फणकाऱ्याने वर गेल्या. दोन दिवस बोलणार नाहीत. तेवढीच शांतता.

बाबांना सांगणं अवघड होतं. ऐकून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. गोदामातल्या कामात पाठ दुखावून घरी बसल्यापासून, काम होणार नाही असा डॉक्टरांचा दाखला ते गादीखाली दडवून आहेत, हे तुलाही माहीत आहे. आपली लाज चार लोकांपुढे कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्या दाखल्यावाचून तुझा अर्ज लंगडाच होता. मी म्हटलं, ठीक आहे, तुम्ही लाज सांभाळा, मी पोरीला सांगते की शीक जवळच्याच कॉलेजात काय मिळेल ते. मग त्यांनीच गादीचा कोपरा उचलला. वर म्हणाले, तुला तिथे बोलता येणार आहे का? म्हटलं, लग्नानंतर तुमच्या घरी तरी कुठे येत होतं?

लाँड्रीत अर्ध्या दिवसाची रजा टाकून आज सकाळी त्या कार्यालयात गेले. चादरींना इस्त्री करताना वाक्यं घोकली होती, ती खिडकीशी पोचताच पळाली. बाईंनी विचारलं, दुभाषी बोलावू का? नको म्हटलं. मग जे तोंडाला येईल ते बोलले. क्रियापदं कुठेही पडत होती. मागे रांगेत कोणीतरी हसलं, हसू दे. त्यांनी परत तोच प्रश्न विचारला, नवऱ्याला कोण बघणार. त्याचं उत्तर त्यांच्या भाषेत एकच शब्द आहे आणि तो मला येतो.

बाबांच्या तपासणीच्या तारखा यापुढे मी घेणार. पहिल्या काही चुकतील. चुकोत.

आता हे तोंडी का सांगत नाही, तर समोर बसलीस की तू माझ्यासाठीही बोलायला लागतेस आणि मी ऐकून घेते. अर्ज पुन्हा चालू करायचा तर सोमवारपर्यंत तुझी सही लागते, माझी चालत नाही. मी विचारून पाहिलं. तुला जायचं नसेल तर नको करूस. पण मग कारण तुझं दे, माझं देऊ नकोस.

डब्यात भात आहे, गरम करून खा.

तुझीच,
आई

आज खिडकीत दिलं: माझ्या पगाराच्या पावत्या, घरभाड्याचा करार, बाबांचा दाखला (मूळ प्रत, त्यांनी स्वतः माझ्या हातात दिलेली). सगळ्याची पोच घेतली आहे.
विद्यार्थिनीची सही: बाकी.