गिरधरच्या हातचे पाणी

मी, चुडामण दगडू पाटील, वय एकसष्ट, धंदा शाई बनवण्याचा, राहणार धुळे, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्याही दबावाखाली नसून माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवतो. शरीर थकले आहे; राग थकलेला नाही.

१. राहते घर पत्नी भिकुबाई हिचे. तिचा धाकटा दीर, माझा भाऊ गिरधर, याला तिने दया करून ओटीवरही झोपू देऊ नये.

२. पुस्तके वाचनालयास. माझी भाषणे चुलीत. ज्यांनी त्यांना टाळ्या वाजवल्या, त्यांतला एकही माझ्या मुलाच्या, पुनाच्या, तिरडीला खांदा द्यायला आला नाही.

३. खल आणि बत्ता माझा कारागीर रमजान याचे. काजळी त्यानेच घोटली. जातभाईंनी नाके मुरडली, तर त्यांनी एक दिवस घोटून पाहावे.

४. आता कारखाना. काजळीचे कण एकमेकांना चिकटू पाहतात. डिंक प्रत्येक कणाभोवती बसून त्यांना दूर ठेवतो, म्हणून दाट शाईही टाकातून सरळ उतरते. खारे पाणी पडले की ते अंतर मोडते, कणांचे गोळे होतात, शाईचे दही होते. मग पातळ करायला तेच पाणी वाढवावे तशी ती अधिकच अडते. हे मी गिरधरला कितीदा तरी सांगितले होते.

सन १९३० साली मी तुरुंगात होतो. छापखान्याला कुलूप लागले, सभेची जागा बदलली, तेव्हा नवी जागा कळवणारी पत्रके हाताने लिहायचे ठरले. गिरधरने शाईत पांझरा नदीचे पाणी न घालता परसातल्या खाऱ्या विहिरीचे ओतले. टाक तुंबले. पत्रके निघाली नाहीत. लोक जुन्याच जागी जमले. पोलिसांच्या लाठ्या पडताच भ्यालेली माणसे एकमेकांना बिलगली आणि बोळाच्या तोंडाशी त्या शाईसारखीच अडली. पुना त्यांच्या पायांखाली गेला.

सुटून आल्यावर मी जाब विचारला. गिरधर म्हणाला, "नदी दूर शे, नाना. पानी ते पानीच शे ना!"

५. कारखाना गिरधरलाच मिळेल, एका अटीवर. माझ्या शेवटच्या घटकेला तोंडात पाणी त्यानेच घालावे, त्याच विहिरीचे, आणि भिकुबाईसमोर तेच वाक्य मोठ्याने म्हणावे. जीभ अडली, तर कारखाना रमजानचा.

हे कलम आज साक्षीदारांसमोर त्याला वाचून दाखवले. तो पाया पडून रडला. "नाना, मी नदीनं पानी आनसू."

मी म्हणालो, "कशाला? नदी दूर आहे."

सही: चुडामण दगडू पाटील
साक्षीदार: अभिमन सुका महाजन, शिक्षक
साक्षीदार: शकील करीम शेख, कापड व्यापारी
धुळे, ता. १९ नोव्हेंबर १९३६