बळवंतरावांची अकरा मोडी पत्रं

२ जानेवारी २००८, सकाळी

सानवी, आधी वर तारीख घाल. काल घातली नाहीस, आणि आज कालचा कागदच सापडत नाही. ही रोजनिशी माझी, माझ्यापुरती. पण मला अक्षर येत नाही, म्हणून लिहिणारी तू आणि वाचणारीही तूच. आणि तुझं डोकं असं, की चहात साखर घातली की नाही ते तुला चाखून बघावं लागतं. तेव्हा विसरशील म्हणून लिहून ठेव: मी कौशल्या, तुझ्या बापाची आई, वय सत्तर. माहेर खानदेशातलं, गावात शाळा नव्हती. बडोद्यात जन्मले असते तर महाराजांनी पकडून शिकवलं असतं.

संकल्प: रोज लिहायचं. प्रदर्शन होईपर्यंत गोड बंद.

प्रदर्शन यांच्या पत्रांचं. (नाव तूच लिही, मी घेत नाही. बळवंतराव.) एकोणीसशे अठ्ठावन्न साली हे रेल्वेत दाहोदला होते आणि मी इथे बडोद्यात, प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, सासूबाईंजवळ. अकरा पत्रं आली. सगळी मोडीत. मुलांना मोडी येत नाही, नातवंडांना तर धड मराठीही येत नाही. (हसू नकोस, लिही.) मला मात्र अकराच्या अकरा तोंडपाठ आहेत.

९ जानेवारी

रोज लिहायचं होतं. गुडघा दुखत होता. लिहिते सानवी, पण सांगायलाही बसावं लागतं.

सानवीच्या शालिनी मॅडम युनिव्हर्सिटीत वाङ्मयाचा इतिहास शिकवतात तो कॉम्प्युटरवर. परदेशातल्या म्युझियमची प्रदर्शनं उघडायची, तिथल्या लेखकांच्या वह्या, खाडाखोडी मोठ्या करून बघायच्या. आता वर्गाने आपलं एक करायचं, बडोद्याच्या मराठी घरांतल्या पत्रांचं. मी विचारलं, कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये ना? देवमाशाच्या सांगाड्याजवळ नको, तिथे पोरं दंगा करतात. सानवी म्हणाली, आजी, ते ऑनलाइन असतं, लोक घरूनच बघतात. मी म्हटलं, मग चपला कुठे काढायच्या? हसत सुटली. मला कळलं होतं. मी मुद्दाम विचारलं.

आज माझा आवाज भरून घेतला. पत्राचं चित्र दिसणार आणि बटण दाबलं की मी बोलणार. दुसरं पत्र म्हटलं: ‘संध्याकाळचा भोंगा वाजून थांबतो, त्यानंतर जी शांतता होते तिला मी तुझं नाव दिलंय.’ सानवी लिहिता लिहिता थांबली. आजोबा असं लिहायचे? हो तर. जन्मभर मला नावं ठेवणारा माणूस, पण कागदावर बघ.

मला वाचून कोण दाखवायचं, असं विचारत होती. शेजारच्या क्वार्टरमधली कुणी बाई. सातवी पास होती, मोडी यायची. नाव आठवत नाही. अहल्या. हे लिहू नकोस.

१८ जानेवारी

उतराणीच्या पतंगांत चार दिवस गेले. एक गुळाची चिक्की खाल्ली. ती संकल्पात धरत नाही, सणाची होती.

प्रदर्शन उघडलं! डावीकडे यांचं पत्र, खाली ‘लेखक: बळवंतराव’, बटण दाबलं की मी. सानवीने तीनदा दाबलं, मी सहादा दाबायला लावलं. पुण्याहून कुणी बघितलं म्हणे, अमेरिकेतूनही. हे असते तर म्हणाले असते, आवाज बारीक करा. पण मनातून सुखावले असते. मी ओळखते ना.

मॅडमनी वर्गात बोलावलंय. नारायणपेठ नेसणार. दोन शब्द बोलणार. रडणार नाही.

२५ जानेवारी

वर्गातला कॉम्प्युटर बिघडलेला आहे.

मॅडमना मोडी येते. भिंतीवर पत्र मोठं केलं होतं, त्या बघत होत्या, आणि माझा आवाज चालू होता. मध्येच थांबवला. परत लावला. मग पोरांना म्हणाल्या, जा, चहा घेऊन या. माझ्या शेजारी बसल्या. म्हणाल्या, आजी, यात भोंगा नाही. मी म्हटलं, बघा, पुढच्या ओळीत असेल. त्यांनी वाचून दाखवलं: ‘दळण जाडसर आणू नये. आईचे औषध चुकवू नये. येताना सतरंजी आणतो.’

मी त्यांना सांगितलं, स्कॅन करताना कागदांची सरमिसळ झाली असणार. मशीनच ते. त्या हो म्हणाल्या. फार सभ्य बाई.

दोन शब्द बोलायचे राहिले.

२६ जानेवारी

सांगण्यासारखं काही नाही. जेवले नाही, पोट बिघडलंय.

२७ जानेवारी

पोट.

३ फेब्रुवारी

मॅडमनी अकराही पत्रं वाचली. सतरंजी आहे. सासूबाईंचं औषध अकरा वेळा आहे. तिसऱ्यात लिहिलंय, ‘हल्ली तुझी पत्रे फार लांबतात. चांदणे वगैरे लिहू नये, कामाचे लिहावे.’

चांदणं मी कधी सांगितलं? उत्तरंही अहल्याच लिहायची. मी सांगायचे, सगळे बरे आहेत, सासूबाईंचा खोकला कमी आहे. त्यात चांदणं तिनं घातलं. जाताना चांदणं घातलं, आणि येताना यांची बोलणी गाळून भोंगा वाचला.

सानवी म्हणाली, आजी, मग ती पत्रं कुणाची? मी म्हटलं, भाजी निवडायची आहे.

यांच्या पत्रातला माणूस सुट्टीवर गाडीतून उतरेल म्हणून मी प्रत्येक वेळी ओट्यावर उभी राहायचे. उतरायचे ते हे. पुढे बदली होऊन कायमचे आले, तरी मी वाट बघत होते. वाटायचं, काही पुरुषांची जीभ लेखणीत असते. बेचाळीस वर्षं सकाळचा चहा हातात देताना वाटायचं, आज बोलतील. मग एके सकाळी चहा नेला आणि ते नव्हते. तेव्हाही मी मनात म्हटलं, असू दे, लिहून ठेवलंय त्यांनी.

हे खोडू नकोस. राहू दे.

१० फेब्रुवारी

मॅडम म्हणतात, आता प्रदर्शनात दोन्ही ठेवू, कागदावरचं आणि पाठ असलेलं. खाली लेखिका म्हणून अहल्येचं नाव घालू, त्यांची परवानगी आणा. हाही वाङ्मयाचा इतिहासच आहे म्हणे. मी म्हटलं, आणि माझ्या संसाराचा इतिहास? तो कुठल्या बटणाखाली घालणार? काढून टाका सगळं.

सानवीने तेही लिहून घेतलं. तिचे मार्क आहेत त्यात. तरी अडली नाही. अडली असती तर भांडता आलं असतं.

१६ फेब्रुवारी

आता सांगूनच टाकते. अहल्येला मी हाकललं. एकोणपन्नास वर्षं झाली. एका दुपारी ती वाचत होती आणि तिचा आवाज हलला. मी म्हटलं, माझ्या नवऱ्याचं पत्र वाचताना तुझा आवाज का गं हलतो? लाज नाही वाटत? आजूबाजूच्या बायका ऐकत होत्या. तिनं कागदाची घडी घातली, माझ्या मांडीवर ठेवली आणि गेली. ‘यात असं काही लिहिलेलंच नाही,’ एवढं म्हणाली असती तर माझं तोंड बंद झालं असतं. पण तेवढंही म्हणाली नाही. पुढे ते लोक मकरपुऱ्याला राहायला गेले.

संकल्प: परवा जायचं. तीन वाक्यं तयार केली आहेत. एक, मला सगळं कळलं. दोन, त्या दिवशी माझं चुकलं. तीन, असं मला दुसऱ्या कुणी कधी लिहिलं नाही. पाठ आहेत. अडणार नाही.

१८ फेब्रुवारी, दुपारी

जाऊन आलो. रिक्षावाला भला होता.

तिच्या सुनेनं दार उघडलं, आवो आवो, बसा ना, म्हणाली. अहल्या खाटेवर. एवढीशी झालीय. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले, दहा वर्षं झाली. मी नुसती खोकले, तर म्हणाली, कौशे, बस. जसं काही मी मीठ मागायला आले होते.

मी पहिलं वाक्य म्हटलं. ती म्हणाली, काय कळलं? कुठलं पत्र? आण बघू इकडे. सानवीने प्रिंट काढून आणली होती, ती तिच्या हातात दिली. तिनं कागदावरून बोट फिरवलं, चेहऱ्याजवळ धरला आणि वाचायला लागली. भोंगा, शांतता, माझं नाव. एक शब्द चुकला नाही. सानवी म्हणते कागद उलटा होता. मला काय कळणार, मला सगळे कागद सारखेच.

आवाज तसाच हलला. या वेळी मी का म्हणून विचारलं नाही.

मग कागदाची घडी घालून म्हणाली, बळवंतरावांचंच आहे हे. फार मायेनं लिहायचे हो तुला. सानवीने परवानगीचं विचारलं, तर म्हणाली, पोरी, मी फक्त वाचून दाखवायची.

दुसरं वाक्य माझ्या ओठांवर होतं. सुनेनं चहा आणला. तिसरंही तसंच परत आणलं.

आता सानवी विचारते, लेखक म्हणून कुणाचं नाव घालू? मला विचारते. मी एक अक्षर लिहू शकत नाही, मी काय सांगू?

तू असं कर. सून सांगत होती, अहल्येला घास गिळवत नाही, दोन दिवसांपासून नुसत्या पाण्यावर आहे. उद्या कॉलेजला जाताना मकरपुऱ्यावरून जा. तांदळाची पेज ने, पातळ, गाळून. मीठ बेतानं, तूप वरून, आणि जिरं अजिबात नको, तिला ठसका लागेल. थर्मासमधून ने, म्हणजे गरम राहील.