चाक सरळ होतं

आप्पा,

तीर्थरूप लिहिणार होते, नाही लिहिलं.

मोटरसायकल विकतेय. आज सकाळी ऐरोलीला घरी एक जण बघायला आला होता. पुढच्या चाकावरून हात फिरवून म्हणाला, अलॉय आहे ते बरं, पुढे तरी तारांची कटकट नाही. तुम्ही गेल्याला आठ महिने झाले, आज पहिल्यांदा तुमच्याशी बोलावंसं वाटलं.

पावणे गावातल्या गाळ्यात तुम्ही तीस वर्षं मोटरसायकलची चाकं बांधलीत. छत्तीस तारा, एकेक कसून रिम सरळ करायची. मलाही शिकवलंत. पंधराव्या वर्षी मी पहिलं चाक एकटीने बांधलं. तुम्ही ते एकदाच फिरवलंत आणि गिऱ्हाइकांसमोर कटरने सगळ्या तारा तोडल्यात. "टोपली विणलीय हिने," म्हणालात. सगळे हसले. तुम्हीही. आठवतं तुम्हाला?

पुढे तुम्हाला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, गाळा बंद झाला. त्याच वर्षी मी ही जुनी गाडी घेतली. पुढची रिम ठेचलेली होती, चाक बदलायलाच हवं होतं. मी म्हटलं, अलॉय टाकते, सारखं कसायला नको. तुम्ही म्हणालात, खड्ड्यात अलॉय तडकते, तारांचं चाक वाकलं तरी घरी आणतं. आणि ते मीच बांधणार.

डाव्या हाताने तीन आठवडे लागले. आई घास भरवायची आणि तुम्ही तारा कसत बसायचात.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये नवा टायर चढवून चाक फिरवलं. आई होती, शेजारी होते. चाक डुललं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आप्पा, टोपली विणलीत."

कोणी हसलं नाही. तुम्ही काठी टेकत लिफ्टकडे गेलात.

दुसऱ्या दिवशी मी अलॉय बसवली, टायर तोच. तीही डुलली. मेकॅनिक म्हणाला, मॅडम, टायरच वाकडा आहे.

रिमकडे बघायचं, टायरकडे नाही, हे तुम्हीच शिकवलेलं ना? मी टायरकडे बघितलं होतं. खरं सांगू? ते डुलायलाच हवं होतं मला.

तुमचं चाक घरी आणून चाक तपासायच्या तुमच्या स्टँडवर चढवलं, रिमला खडू लावून फिरवलं. खडूची रेघ सगळीकडे सारखी उमटली, केसाएवढाही फरक नव्हता. तुम्ही आतल्या खोलीत जागे होतात, दार उघडं होतं. मी सांगितलं नाही.

दोन महिन्यांनी वाशीच्या हॉस्पिटलात तुम्ही जड जिभेने विचारलंत, "सुजे, ते चाक खरंच वाकडं होतं?"

"हो," मी म्हणाले.

तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवलंत. चौथ्या दिवशी गेलात.

आई अजून सगळ्यांना सांगते, शेवटी यांच्या हातातली कला गेली होती. उद्या तिला सगळं सांगणार आहे, हॉस्पिटलातलंसुद्धा. ती माझं तोंड बघणार नाही, तरी सांगेन. एवढं वचन देते.

माफी मात्र मागणार नाही. तुम्ही तरी कुठे मागितली होती?

सुजाता