पाठीवरचे तांबूस ठिपके

भाईंदर, मार्गशीर्षातला गुरुवार, १९९१

आजचा खर्च: पूजेची फळं आठ रुपये, मांजरीसाठी जादा दूध दोन. दूध तसंच, आणि पाटाखाली चिमणीची पिसं! तीही गुरुवारी!

गणपतीत यांनी काशीगावच्या रानाकडून हे पिल्लू आणलं, तेव्हापासून ते वीतभरच. पाठीवर तांबूस ठिपके. मांजराला असे असतात?

शेजारच्या कोकिळाबेन म्हणाल्या, "भाभी, ये तो तेंदुए का बच्चा है."

हे हसले. "बिबट्या असता तर आधी तुलाच खाल्लं असतं."

हसा! घरात तान्हं बाळ आहे. पाळणा आत घेतलाय.

माहेरी दादा म्हणायचा, गावच्या रानातली वाघाटी, ती रानमांजर, म्हातारी झाली तरी मांजरापेक्षा लहानच. तिलाही ठिपके असतात का? उद्या कार्ड टाकते: दादा, हे पिल्लू वाढणार की एवढंच राहणार, उलट टपाली कळव.