अप्पांचा ठिपका धर्माबादेत

लातूर, शनिवार

सौ. गौरम्मा अक्का,

तुझ्या पाठच्या रुद्रेशचे तुला आणि दाजींना शरणार्थ, आणि चि. अक्षराला एक गालगुच्चा (हळू घे, माझ्या वाटचा आहे). इकडे अव्वाचे गुडघे सोडले तर सगळं ठीक आहे. तुझा खोकला थांबला का? मिरच्या वाळवताना तोंडाला फडकं बांध म्हणून दर वर्षी सांगतो आणि तू दर वर्षी हो म्हणतेस. फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर हे सांगायला लागलो तर तू रडशील, मग मी रडेन, आणि शेजारच्या टेबलावरून सत्यम साहेब विचारतील की ॲप पुन्हा बंद पडलं का. म्हणून कागद.

तर आमच्या कंपनीकडे (कंपनी म्हणजे जिन्यावरच्या दोन खोल्या, पाच माणसं आणि एक कूलर) एका डेअरीचं काम आलंय. दूध गोळा करणारी गाडी कुठवर आली ते शेतकऱ्याला मोबाईलवर दिसावं, म्हणजे बिचाऱ्याला कॅन घेऊन फाट्यावर ताटकळायला नको. त्यासाठी ॲपमध्ये लोकेशनची लायब्ररी बसवायची होती. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुण्या हुशार माणसानं लिहून ठेवलेला तयार कोड; तो आपल्या ॲपला जोडला की फोनला विचारून जागा सांगतो. मी घरी एवढंच म्हणालो की महिनाभर लायब्ररीच्याच मागे आहे, तर अव्वानं गल्लीभर सांगितलं, आमचा रुद्रेश आता रोज लायब्ररीत जातो. दोन बायकांनी तर आपल्या पोरांना माझं उदाहरण दिलं.

ही लायब्ररी दोन ओळींत जोडली जाते असं तिच्या माहितीत लिहिलंय. त्या दोन ओळींनी माझे चार दिवस खाल्ले. शेवटी ॲप उघडलं, तर मी अमेरिकेत. (संगणकातला खोटा फोन, आपण काही सांगितलं नाही तर, स्वतःला तिकडचाच समजतो. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.) खऱ्या फोनवर टाकलं, तर ॲप उघडताक्षणी बंद, परवानगी मागायचीच राहिली होती. परवानगी मागितली, तर दुधाची गाडी उत्तर ध्रुवाजवळ बर्फाच्या समुद्रात उभी. अक्षांशाच्या जागी रेखांश घातला होता मी, आणि रेखांशाच्या जागी अक्षांश. सत्यम साहेबांनी बराच वेळ नकाशाकडे पाहिलं आणि म्हणाले, "दूध नासणार न्हाई, एवढं मात्र खरं."

तेही निस्तरलं. मग चाचणीसाठी हिंडणारा माणूस हवा होता. आपलं दुकान गुरुवारी बंद असतं आणि अप्पा हल्ली दर गुरुवारी पहाटेच्या गाडीनं उदगीरला तूर बघायला जातात, म्हणून त्यांनाच विचारलं. ॲप टाकताना फोननं विचारलं, कायम परवानगी द्यायची का? अप्पा म्हणाले, "म्हंजे हे सारखंच बघणार?" मी म्हणालो, हाव अप्पा, फोन खिशात असला तरी. त्यावर फोन उलटासुलटा करून म्हणाले, "बघू दे की. मी काय चोर हाय का?"

पहिल्याच गुरुवारी नकाशावरचा अप्पांचा ठिपका उदगीरला गेला नाही. नांदेडला गेला, आणि तिथून धर्माबादला. तुझ्या गल्लीत बावीस मिनिटं थांबला आणि माघारी आला. अक्का, शपथेवर सांगतो, मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. चाचणी करताना कधीतरी मीच तुझा पत्ता कोडमध्ये टाकून विसरलो असेन, म्हणून सगळा कोड पिंजून काढला. अचूकतेची सेटिंग बदलली, लायब्ररी उपटून पुन्हा बसवली. दुसऱ्या गुरुवारी ठिपका पुन्हा तुझ्याच दारासमोर. एकाच घरापुढे दोनदा चुकणारी लायब्ररी मी पाहिलेली नाही, पण बापावर शंका घेण्यापेक्षा लायब्ररीवर घेणं सोपं. तुझ्या लग्नाला तीन वर्षं झाली. दाजी आपल्यातले नाहीत म्हणून अप्पांनी तुझं नाव घेणं सोडलं त्यालाही तेवढीच. घरात 'गौर' म्हणायची चोरी, गौरीचा सण आला तरी अव्वा चाचरते. असा माणूस तुझ्या दारात कसा असेल?

म्हणून मागच्या बुधवारी नांदेडला बजरंगच्या खोलीवर मुक्काम केला (तो माझ्या वर्गातला, तुला आठवेल, पोळ्या मोजायचा नाही) आणि गुरुवारी सकाळी धर्माबाद गाठलं. लायब्ररीची चूक जाग्यावर पकडायची, एवढाच विचार. साडेअकराला ॲप म्हणालं, अप्पांचा ठिपका तीस मीटरवर. मग वीस. मग बारा. वर पाहिलं, तर तुझ्या घरासमोरच्या धोंडाबाईच्या टपरीत, बाकावर, आपल्या अप्पांची पाठ.

मी तिथं उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे दडलो. (डेअरीच्या कामात हे बसत नाही, पण बसवलं.) तू अंगणात मिरच्या पसरत होतीस, तोंडाला फडकं न बांधता. अक्षरा सारखी मिरच्यांकडे धावत होती. ती धावली की अप्पा बाकावरून अर्धे उठायचे, आणि तू तिला धरलीस की पुन्हा बसायचे. असं पाच-सहा वेळा झालं. धोंडाबाईनं विचारलं, "पाव्हणं, दर गुरवारी येता, कुणाकडं?" अप्पा म्हणाले, "कुणाकडंच न्हाई. चहा चांगला हाय तुमचा." चहा त्यांच्या हातात होता तसाच होता, वर साय धरलेला.

एकदा तू रस्त्याकडे पाहिलंस. अप्पांनी पटकन रुमाल काढून चष्मा पुसायला घेतला, आणि तू आत गेलीस तरी पुसतच राहिले. मला हाक मारावीशी वाटली. मी ट्रॉलीला आणखी चिकटलो. ते उठून स्टेशनकडे चालू लागले, आणि मी मागच्या गाडीनं आलो. रात्रीच्या जेवणाला अव्वानं तुरीचं विचारलं, तर म्हणाले, तूर बरी नव्हती. मग भाकरी कुस्करत बसले. जाऊन-येऊन बारा-तेरा तासांचा प्रवास, साठी उलटलेला माणूस, आणि थांबायचं बावीस मिनिटं. मी जे पाहिलं ते पाहायचा मला हक्क नव्हता, असं तेव्हापासून वाटतंय. त्यांच्या फोनमधून ॲप काढायचं ठरवलं आहे. सत्यम साहेबांना सांगितलं, दोष सापडला. ते म्हणाले, कुठं होता? मी म्हणालो, माझ्यात. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

बाकी क्षेम. दाजींना नमस्कार सांग.

तुझा,
रुद्रेश

ता. क. – एवढं लांबण लावलं ते एका कामासाठी. येत्या गुरुवारी साडेअकराला घरातच राहा. अप्पा बाकावर बसले की अक्षराला कडेवर घे, रस्ता ओलांड आणि तिला त्यांच्या मांडीवर दे. काही बोलू नकोस. तू बोललीस की ते उठतील. मांडीवर पोर असलं की उठता येत नाही. आणि हे मी कळवलं, हे अप्पांना जन्मात कळू देऊ नकोस.

ता. क. दुसरा – घोटाळा झाला. पाकिटाला डिंक आणायला आत गेलो आणि पत्र दुकानाच्या गल्ल्यावरच राहिलं. परत आलो तर अप्पा चष्मा लावून शेवटच्या पानावर होते. डिंकाची बाटली माझ्या हातातच. त्यांनी पानं नीट जुळवली आणि म्हणाले, "माझ्या फोनात ठिपका टपरीच्या मागं दावतंय तुझं ते. मी पुढच्या बाकावर बसलो हुतो. काम कच्चं हाय." मग पेन मागितलं. खाली दुमडलेल्या ओळी त्यांच्या हातच्या आहेत, मला वाचू दिल्या नाहीत.

गौरा, गुरुवारी वाट पाहू नको. त्याच्या पुढच्या रविवारी दुकान बंद ठेवून तुझी आई आणि मी येतो. जावईबापूंना घरी राहायला सांग. त्यांची ओळख करून घ्यायची राहिली आहे. — अप्पा